तोफेचा कान : एका छंदाचे प्रकरण

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावातले आहे. गाव, माणसे आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. घडले ते तसेच ठेवले आहे. मी यात बघ्या नव्हतो. ज्या जुन्या तोफेची छोटी पितळी प्रतिकृती झाली तिची मापे मीच आणून दिली होती, त्यामुळे जिथे चूक माझी आहे तिथे ती माझी म्हणूनच लिहिली आहे.

पार्श्वभूमी

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवर धातू कातण्याचे काम, शिकवतो. सुट्टीच्या दिवशी आमचा दहा-बारा जणांचा गट गडांवर जातो. झुडपे तोडायची, टाक्यातला गाळ उपसायचा, ढासळलेल्या दगडांवर नंबर घालून ठेवायचे. लळिंग, सोनगीर, थाळनेर, पारोळा ही आमची ठिकाणे. गड म्हटले की लोकांना सह्याद्री आठवतो, पण दख्खनचा उत्तरेकडचा दरवाजा आमच्याकडे होता. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा झाला. थाळनेर फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले, असीरगड एप्रिल १८१९ मध्ये. या मुलखातल्या भिंतींनी तोफा ऐकल्या आहेत. त्या तोफांपैकी उरल्या थोड्या, आणि उरल्या त्यांतल्या कित्येक कुठे गढीसमोर, कुठे चावडीपाशी मातीत रुतून पडल्या आहेत. पोरे त्यांवर बसून पेरू खातात.

अशाच एका गढीपुढच्या लोखंडी तोफेची मापे आम्ही घेतली. लांबी २ मीटरच्या आसपास, तोंडाचे भोक साधारण १० सेंटिमीटर. मागच्या बाजूला गाठीसारखा गोळा, मध्ये तीन उठावदार कडी, आणि मागून वीतभर अंतरावर कान. ज्या भोकातून बत्ती दिली जाते त्याला आपल्याकडे कान म्हणतात. त्या कानात भरलेल्या बारीक दारूला रंजक. शत्रूची तोफ हाती लागली आणि ओढून नेता आली नाही, तर त्या कानात खिळा ठोकून ती निकामी करत. आम्ही मापे घेतली त्या तोफेचा कान मातीने बुजला होता. मी तो काडीने मोकळा केला, तेव्हा आतून मुंग्या बाहेर आल्या.

मापांचा कागद मी नानांकडे नेला. नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून टर्नर म्हणून निवृत्त झालेले, वय ६१. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा साडेचार फुटी लेथ आहे, लिलावातून घेतलेला, बेड स्वतः स्क्रेप करून सरळ केलेला. त्यांच्या हाताखाली माझ्या संस्थेतली चार-पाच पोरे तयार झाली आहेत. मी म्हटले, ‘नाना, एकास आठ या प्रमाणात पितळेत होईल का? शिवजयंतीच्या प्रदर्शनात ठेवू.’ त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, ‘होईल. पण सर, घाई करायची नाही.’

त्यांना तीन महिने लागले. ते काम ज्यांनी पाहिले नाही त्यांना नाना पुढे का वाहवत गेले हे कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ५० मिलिमीटरचा पितळी गज घेतला. मागून तोंडाकडे निमुळती होत जाणारी नळी उतरवायला टेलस्टॉक, म्हणजे गजाचे दुसरे टोक धरणारा लेथचा भाग, सरकवून टेपर, म्हणजे उतार, धरला. तिन्ही कडी अखंड गजातूनच काढायची होती, वेगळी करून बसवायची नव्हती. त्यामुळे दोन कड्यांमधला भाग एकेका काप्याने खाली न्यायचा आणि कड्याची गोलाई हाताने घासलेल्या फॉर्म टूलने, म्हणजे हव्या त्या आकाराच्या धारेच्या हत्याराने, काढायची. एका कड्याची धार किंचित तुटली म्हणून नानांनी सहा दिवसांचे काम बाजूला ठेवले आणि नवा गज लावला. दोन्ही बाजूंचे खुंटे, ज्यांवर तोफ गाड्यात तोलली जाते, ते आडवे बसवताना नळीच्या मध्यरेषेपासून पाव मिलिमीटरही सरकू दिले नाहीत. गाडा शेजारच्या गावच्या सुताराने बाभळीत केला. तो पिढीजात बैलगाड्या करणारा. तळहाताएवढ्या चाकाला त्याने तुंबा, आरे, धाव सगळे खऱ्यासारखे घातले. लोखंडी धाव तापवून चढवली, पाणी ओतले, आणि तेवढ्याशा चाकानेही मोठ्या चाकासारखाच करकर आवाज केला.

प्रमाण एकास आठ असले की लांबी आठपट कमी होते, वजन मात्र ५१२ पट. मूळ तोफ सातआठशे किलोची धरली तर, पितळ लोखंडाहून थोडे जड असल्याने, आमची पावणेदोन किलोच्या आसपास बसायला हवी होती, आणि बसलीही. वाण्याच्या काट्यावर तो आकडा पाहून नाना लहान मुलासारखे हसले.

निर्णय झाला, पण कुणाच्या लक्षात आला नाही

माझ्या कागदावर तोंडापाशी ‘बोअर १२’, म्हणजे भोक १२ मिलिमीटर, एवढेच लिहिले होते. खोली लिहिलेली नव्हती.

मी रोज वर्गात सांगतो की ड्रॉइंगवर खोली नसेल तर ड्रिल लावू नका, विचारा. इथे माझ्याच कागदावर खोली नव्हती आणि नानांनी विचारले नाही, कारण त्यांच्या मनात प्रश्नच नव्हता. तोफ म्हणजे पोकळ. त्यांनी लांब ड्रिल लावले, मग भोक वाढवायला बोरिंग बार, मग गुळगुळीत करायला रीमर. आतली भिंत आरशासारखी केली. मागच्या बाजूला भोकाच्या व्यासाएवढी भिंत सगळीकडून सोडली. हा नियम त्यांना मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओंतून कळला होता, आणि तिथले लोक तो खरोखरच पाळतात. शेवटी त्यांनी कान पाडला.

मी तोफ हातात घेतली, उजेडाकडे धरून तोंडातून आत पाहिले. कानातून आलेला उजेडाचा ठिपका दिसला. मी ‘वा, नाना!’ म्हणालो. त्या ठिपक्याचा अर्थ काय होतो हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

अडचण

दिवाळीत तोफ ओसरीवर मांडली. जो येई तो आधी वाकून पाही, मग हात फिरवी, मग विचारी, ‘का हो नाना, वाजते का ही?’ पहिल्या आठवड्यात नाना ‘नाही’ म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यात ‘वाजेल की’ म्हणू लागले. चौतीस वर्षे ज्या माणसाने बनवलेली प्रत्येक वस्तू पुढे जाऊन काम करते, त्याला नुसती शोभेची वस्तू बनवल्याचे ऐकवत नाही. मला ते कळते.

व्हिडिओ तर होतेच. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. १८९८पर्यंतच्या घडणीच्या, तोंडाकडून भरायच्या तोफा आणि त्यांच्या प्रतिकृती तिथल्या संघराज्य कायद्यात बंदुकीच्या व्याख्येत येत नाहीत, आणि काळी दारू ठरावीक मर्यादेत छंदासाठी विकत मिळते. राज्याराज्यांचे वेगळे नियम असतात, पण शेतात उभे राहून लहानशी तोफ उडवणारा म्हातारा तिथे कायदा मोडत नसतो. त्या व्हिडिओत चांगल्या सवयीही दिसतात : माणसांचे कान झाकलेले, चष्मे लावलेले, दोन बारांमध्ये ओले फडके आत फिरवून ठिणगी उरली नाही ना हे पाहणे, बार उडाला नाही तर बराच वेळ जवळ न जाणे. नानांनी हे सगळे वहीत उतरवले होते. व्हिडिओ कोणत्या देशातला आहे हे मात्र वहीत नव्हते.

डिसेंबरमध्ये त्यांनी गोळा न घालता, नुसता आवाजाचा बार दोनदा उडवला. दारू कुठून आली आणि किती घातली हे मी लिहिणार नाही. पितळी तोफेला काही झाले नाही. धूर बराच झाला. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घनरूपच राहतो, म्हणून तो पांढरा धूर आणि आतला काळा चिकट थर. नानांनी गरम पाण्याने नळी धुतली, तेल लावले. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. मी म्हणालो, ‘जपून करा.’ ‘करू नका’ म्हणालो नाही.

मग दोन गोष्टी एकत्र आल्या. गावातल्या एका मंडळाने १९ फेब्रुवारीला पालखी निघताना तोफेची सलामी हवी म्हणून नानांना गळ घातली. आणि नानांचा भाचा, वय १९, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा, मामाकडे राहायला होता. त्याला ती तोफ लहान वाटली. ‘मामा, एवढीशी कुणाला ऐकू येईल ढोलांत?’

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. थंडी इतकी की केळीला चरका बसला होता, पाने पिवळी पडत होती. नाना बागेत गेलेले. पोराने भंगारातून पाइपाचा तुकडा आणला, एका टोकाला लोखंडी चकती वेल्डिंगने बंद केली, कान पाडला आणि सुतळी बॉम्ब फोडून त्यांतला मसाला आत भरला. शेडमागे, बांधावर.

वात लावून तो दहा-बारा पावले मागे आला होता, म्हणूनच आज तो आहे. चकती मागच्या बाजूने सुटली, शेडच्या पत्र्यातून आत शिरली, लेथच्या टेलस्टॉकवर आदळून खाली पडली. नळी शिवणीवर उकलली. पोराच्या हातावर भाजल्याचे डाग पडले आणि दोन्ही कान बंद झाले. लेथवर त्या वेळी नाना उभे असते, तर चकती त्यांच्या कमरेच्या उंचीवर होती.

काय फुटले आणि का

हे मी पोराला आणि नंतर माझ्या वर्गाला फळ्यावर मांडून दाखवले, म्हणून इथेही देतो.

उदाहरणासाठी २५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी आणि आत ५०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ५०० पट, दाब धरा. चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस मिलिमीटर. तिच्यावर येणारे बल जवळपास अडीच टन. ते सगळे एका वेल्डिंगच्या वेढ्याने धरायचे. नळीची भिंत ३ मिलिमीटर असेल तर तिच्या अंगात येणारा ताण मऊ पोलादाच्या मर्यादेला जाऊन भिडतो, आणि तोही शिवण चांगली असेल तर. पाण्याच्या पाइपाची शिवण या कामासाठी केलेलीच नसते.

शिवाय मसाला. काळी दारू ही गंधक, सोरा आणि कोळसा. ती वेगाने जळते आणि ढकलते. आवाजाच्या फटाक्यांत सहसा ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती ढकलत नाही, ठोसा मारते. घर्षणाने, हातोडीच्या टोकाने, कपड्यातल्या स्थिर विजेनेही ती पेटू शकते. दोन्हींना आपण ‘दारू’ हा एकच शब्द वापरतो, आणि त्या पोराची सगळी चूक त्या एका शब्दात बसली होती.

जाड भिंतीने सगळे सुटते असेही नाही. आतल्या दाबाचा सर्वांत जास्त भार नळीच्या आतल्या थरावर येतो. बाहेरून जाडी वाढवत नेली तरी प्रत्येक नव्या थराची मदत कमी कमी होत जाते. बिडात आतली पोकळी दिसत नाही, पितळात ओतकामाची चीर दिसत नाही. १४६० मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स स्वतःच्याच तोफेजवळ उभा असताना ती फुटून मेला. १८४४ मध्ये अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेवर पाहुण्यांसमोर तोफ उडवून दाखवताना ती फुटली आणि त्या देशाचा परराष्ट्रमंत्री गेला. त्यांच्याकडे कारखाने होते, गोलंदाज होते, अनुभव होता. त्या दोन्ही वेळा तोफेजवळ माणसे तमाशा बघायला उभी होती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमची पालखी त्याहून वेगळी नसती. पालखीपुढे लेझीम खेळणाऱ्या मुली असतात.

पुढे काय, यावरचे पर्याय

त्या रात्री नानांच्या ओसरीवर आम्ही पाच जण बसलो. नाना, काकू, पोराची आई, नानांचे मेहुणे आणि मी. मेहुणे आयुध निर्माणीतून निवृत्त. भुसावळ आणि वरणगाव या दोन्ही ठिकाणी आयुध निर्माणी असल्यामुळे आमच्या भागात घरटी कुणीतरी तिथे काम केलेले सापडते. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘आमची काडेपेटी गेटवर काढून घ्यायचे. सुती कपडे. खिशात नाणेसुद्धा नाही. तीस वर्षे एवढे पाळले तेव्हा घरी धड आलो. आणि इथे पोरगा मसाला मोकळा करतो बांधावर बसून.’

पहिला विचार आला तो झाकण्याचा. पाइप विहिरीत टाकायचा, पितळी तोफ माळ्यावर ठेवायची, पोराला ‘गरम तेल उडाले’ म्हणायला सांगायचे. हे मी लपवत नाही. दहा मिनिटे आम्ही सगळे त्याच दिशेने बोलत होतो. पोराच्या आईनेच ते थांबवले. ‘डॉक्टरला खोटे सांगायचे आणि त्याचा कान गेला तर?’

दुसरा विचार नानांचा होता : पाइप गेला तो गेला, पितळी तोफ भक्कम आहे, तीच नीट काळजी घेऊन उडवू. मंडळाला शब्द दिला आहे. तिसरा, रीतसर परवाना काढायचा. चौथा, तोफ निकामी करायची. इथे नानांनी स्वतःच जुनी रीत सांगितली, ‘कानात खिळा ठोकू. पूर्वीपासून तसेच करतात.’ पाचवा, तोफ कापून भंगारात द्यायची. हे बोलताना काकूंचा आवाज भरून आला होता. तीन महिने त्यांनी ते काम पाहिले होते.

मी एवढेच म्हणालो की सकाळी आधी डॉक्टर, मग वकील, आणि तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही. शेडमध्ये उरलेला मसाला होता. तो पाण्यात टाकू, जाळू, पुरू असे तीन सल्ले आले. तिन्ही चूक. शेडची वीज मुख्य बटणापासून बंद केली, दार ओढून घेतले, बाहेर खाट टाकून मेहुणे बसून राहिले. थंडीत, रात्रभर, बिडी न ओढता.

वकिलांनी काय सांगितले

वकील तालुक्याचे, फौजदारी कामे करणारे. त्यांनी शस्त्र अधिनियम, १९५९ उघडून समोर ठेवला. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ऊर्जेच्या जोरावर प्रक्षेप्य फेकण्यासाठी बनवलेले किंवा तसे बदललेले कोणत्याही प्रकारचे शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र. यात आकाराची अट नाही. मी म्हणालो, ‘पण ही तर खेळण्याएवढी आहे.’ ते म्हणाले, ‘१२ मिलिमीटरचे भोक खेळण्याचे असते का, सर?’ त्याच व्याख्येत पुढे तोफा बसवायचे, वाहून न्यायचे गाडेही आले आहेत. परवान्याशिवाय बनवणे तर सोडाच, उडवून तपासणे हेसुद्धा कलम ५ मध्ये येते. बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे, जन्मठेपेपर्यंत. नानांनी टेबलाची कड धरली.

दारूचा कायदा वेगळा. स्फोटक अधिनियम १८८४चा, नियम २००८चे, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपूरला. म्हणजे तोफेचा परवाना समजा मिळालाच, तरी दारूचा प्रश्न तसाच राहतो. छंद म्हणून मिरवणुकीत उडवायला तोफ बनवतो असे लिहून परवाना मिळेल अशी आशा धरू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुसरा आणि तिसरा पर्याय तिथेच संपला.

खिळ्याबद्दल त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले. कायद्यात एक सूट आहे. जुन्या घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. ‘दुरुस्त करूनही’ या दोन शब्दांवर त्यांनी पेन ठेवले. ‘नाना, तुम्ही ठोकलेला खिळा तुम्हाला काढता येईल का?’ नाना म्हणाले, ‘पाच मिनिटांत.’ ‘मग ती निकामी नाही.’

केलेली कारवाई

डॉक्टरांना खरे सांगितले. जळगावच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा उजव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खळगा दिसला. मोठ्या आवाजाचा घाव बहुधा तिथेच दिसतो. डावा कान सावरला.

वकिलांनी लेखी अर्ज तयार केला आणि आम्ही पोलिस ठाण्यात गेलो. अर्जात पाइपाचा स्फोट, उरलेला मसाला आणि पितळी तोफ तिन्ही गोष्टी होत्या. पितळी तोफेचा उल्लेख टाळावा असे कुणीतरी सुचवले होते. नानांनीच नकार दिला, ‘अर्धे सांगितले तर उरलेल्या अर्ध्याची झोप मला लागणार नाही.’ उरलेला मसाला पोलिसांनी त्यांच्या पद्धतीने हलवला. तोफ पंचनामा करून ताब्यात घेतली. गाड्यासकट. सुताराने केलेली ती चाके कागदाच्या पुड्यात गुंडाळली जात असताना नाना दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मंडळाला मी सांगितले. सोपे गेले नाही. कार्यकर्त्यांना वाटले आम्ही घाबरलो. मी त्यांना उकललेल्या पाइपाचा फोटो आणि पत्र्याला पडलेले भोक दाखवले, आणि विचारले की पालखीसमोर ही चकती कोणत्या उंचीवरून गेली असती. त्यानंतर सलामीचा विषय कुणी काढला नाही.

निष्पत्ती

नानांचे तीनदा जबाब झाले. गुन्हा आजवर दाखल झालेला नाही. कागद चालू आहेत, तोफ मुद्देमालात आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असेच होईल असे कृपया समजू नका. स्वतः जाऊन सांगितले, कुणाला गंभीर इजा झाली नाही, वकील वेळेवर मिळाले, आणि समोरचे अधिकारी ऐकून घेणारे होते. यांतली एक गोष्ट नसती तर हे लिखाण वेगळे झाले असते.

पोराच्या उजव्या कानात रात्री शीळ वाजते. डॉक्टर म्हणतात ती कमी होईल, जाईलच असे नाही. तो आता दर रविवारी मामाच्या लेथवर उभा असतो. फेसिंगपासून, म्हणजे गजाचे टोक सपाट करण्यापासून, सुरुवात.

नाना महिनाभर शेडमध्ये गेले नाहीत. टेलस्टॉकवर चकतीचा खोक पडला आहे, तो त्यांनी अजून भरलेला नाही. मार्चमध्ये त्यांनी स्वतःहून मला निरोप पाठवला, ‘मापांचा कागद पुन्हा आणा.’

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त निर्णय कागदावर होता. ‘खोली ८ मिलिमीटर, पुढे भरीव’ एवढे चार शब्द मी लिहिले असते तर. बाहेरून पाहणाऱ्याला तोंडाचा काळोख दिसतो, भरीव आहे की पोकळ हे दिसत नाही. कडी, टेपर, खुंटे, गाडा, चाके, यांतली कुठलीही कारागिरी भोकाच्या खोलीवर अवलंबून नव्हती. जे पाहून लोकांचे डोळे दिपले ते सगळे बाहेरच्या अंगावर होते. पोकळी फक्त एकाच कामाची होती, आणि ते काम करायचेच नव्हते. प्रतिकृती करणाऱ्याने हे ड्रिल लावण्याआधी ठरवावे, कारण गजातून काढलेले पितळ परत घालता येत नाही. मागाहून भरलेली नळी कायद्याच्या नजरेत किती भरीव ठरेल, हे मग दुसरेच लोक ठरवतात.

दुसरी जागा म्हणजे ‘वाजते का?’ हा प्रश्न. त्याला उत्तर तयार हवे. आम्ही आता प्रदर्शनात फलकावरच लिहितो की ही भरीव प्रतिकृती आहे, आणि शेजारी मूळ तोफ कशी भरत, कशी पुसत, गोलंदाजाच्या हाताखाली किती माणसे लागत याचे चित्र लावतो. लोक ते वाचत उभे राहतात. आवाज नसल्याची तक्रार एकानेही केली नाही.

तिसरी जागा माझी. नानांनी डिसेंबरचा बार मला सांगितला तेव्हा मी शिक्षक होतो, गटाचा प्रमुख होतो आणि त्यांचा मित्रही होतो. यांतल्या कुठल्याही नात्याने मी थांबवू शकलो असतो. वडीलधाऱ्याला, आणि तेही इतक्या मोठ्या कारागिराला, ‘करू नका’ म्हणणे मला जड गेले. घरात पोर राहत होते आणि ते पाहत होते, एवढा विचार पुरेसा होता. मामाने उडवलेल्या दोन बारांतूनच भाच्याने परवानगी घेतली होती.

पोराला दोष देऊन हे प्रकरण संपवावे असे काही जणांना वाटले. मला ते पटत नाही. त्याला लेथला हात लावू दिला नव्हता, कारण काम नाजूक होते. मग त्याने भंगारातून स्वतःची तोफ केली. तीन महिन्यांत त्याच्या हातात एकदा जरी फॉर्म टूल दिले असते, एक कडे त्याच्याकडून काढून घेतले असते, तर त्याला कळले असते की तोफेची नळी म्हणजे पाइप नव्हे.

दुसरी तोफ जूनमध्ये पूर्ण झाली, रोहिणीचा पाऊस पडून गेल्यावर. मापे तीच, प्रमाण तेच. मधले कडे भाच्याने काढले आहे, आणि जवळून पाहिले तर त्याची गोलाई बाकी दोन कड्यांइतकी साधलेली नाही. नानांनी ती तशीच ठेवली. गाडा त्याच सुताराचा. तोफेसोबत आम्ही ड्रॉइंगही काचेत लावतो. त्यावर नानांच्या अक्षरात, तांबड्या शाईने, दोन ओळी आहेत :

तोंड : खोली ८, पुढे भरीव.
कान : फक्त खूण. पाडायचा नाही.